पलेग हाडात दिसत नाही

जुना सांगाडा सापडला आणि हाडावर रोगाची खूण दिसली की आपण म्हणतो, किती हाल झाले असतील बिचाऱ्याचे. हाल झालेच असतील, पण गणित थोडं उलटं पण आहे राव. हाडावर खूण उमटायला महिने, कधी वर्षं लागतात, म्हणजे तो गडी रोग अंगावर घेऊन तेवढा टिकला, आणि जो चार दिवसात गेला त्याची हाडं एकदम स्वच्छ, बघणाऱ्याला वाटावं लै ठणठणीत होता.

राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल आहे, तिथला सुमारे 4000 वर्षांपूर्वीचा सांगाडा घ्या. मधल्या वयाचा पुरुष, शेण जाळलेल्या राखेनं भरलेल्या दगडी आवारात पुरलेला, आणि नाकाजवळची हाडं झिजलेली, 2009 मध्ये संशोधकांनी सांगितलं की हा महारोग. टीबीचं पण तसंच, मणके खाऊन पाठीला कुबड आणतो म्हणून सापडतो.

पलेगचं तसं नाही, माणूस चार दिवसात जातो, हाडावर खूण उमटायला वेळच नाही. त्यासाठी दात फोडावा लागतो, आतल्या गरात जंतूचा डीएनए राहतो, लंडनच्या 1348-50 च्या साथीतल्या मढ्यांच्या दातातूनच 2011 ला त्या जंतूचा अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, जुळवला.

पण डीएनए जंतूचं नाव सांगतो, तो घरात आला कुठून ते नाही. ते नोंदीत शोधायचं, आणि नोंदी पण कशा, इंग्रजी अमलातल्या मृत्यूनोंदीत बहुतेक मरणं ‘ताप’ या एकाच खान्यात कोंबलेली! मलेरिया पण ताप, टायफॉईड पण ताप. कारकुनाला तरी काय दोष द्यायचा म्हणा, सांगायला आलेल्याला पण तेवढंच माहीत.

उंदरावरची पिसू पलेग पसरवते हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1898 ला कराचीत प्रयोग करून दाखवलं. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र पिसूबिसू काही न बोलता सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, रानात खोपी घालून राहायचं. आणि हे फार जुनं नाही बरं का, 1994 ला आपल्या बीड जिल्ह्यात मामल्याला आधी उंदीरच मेले, मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या. आता घरात उंदीर मेला की आपण फिनेल ओतून मोकळे, वास गेला की विषय संपला.