काकूंचं कार्ड

मागच्या नोव्हेंबरात एक काका वाचनालयात आले. आयुष्य इथल्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत गेलेलं, आता रिटायर, स्वतः पेपर सोडून काही वाचत नाहीत. म्हणाले, "मॅडम, मिसेस दोन महिने बोटीवर चाललीय की, तिला चांगलं काहीतरी काढून द्या. तिला सांगू नका मात्र." मला वाटलं क्रूझ असेल. तर नाही, लेक-जावयाची शिडाची बोट, गोव्यात मांडवीत नांगरलेली, तिथनं कारवार, मालपे, मंगळूर करत कोचीपर्यंत आणि परत. काका जाणार नव्हते, त्यांना चोर्ला घाटातच उलटी होते.

"चांगलं काहीतरी" म्हटलं की आमच्या कपाळाला आठी. त्यात काका यादी घेऊनच आलेले. ज्ञानेश्वरीवरची निरूपणं ("ती तेच वाचते"), आपल्या बेळगावचे म्हणून जी. ए., आणि त्या म्हादेई बोटीवरून एकट्यानं जग फिरून आलेल्या नेव्हीवाल्या साहेबांचं पुस्तक. म्हादेई म्हटलं की इथल्या माणसाची कॉलर ताठ होते, नदी आमच्या खानापूर तालुक्यातली, पुढे गोव्यात जाऊन मांडवी होते, दिवाडी बेटावर बांधलेल्या बोटीला तिचं नाव दिलं आणि २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे तीच बोट घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. सगळं मान्य. पण समुद्रावर निघालेल्या माणसाला समुद्राचंच पुस्तक द्यायची लोकांना काय हौस असते कळत नाही, रात्री बोट हलायला लागल्यावर दुसऱ्याच्या वादळाचं वर्णन कोण वाचत बसणार.

मी म्हटलं लेकीला फोन लावा. ती हुशार पोरगी, नेमकं सांगितलं. पहिले दोन-तीन दिवस आईला वाचता येणारच नाही, डोळ्यासमोर पान स्थिर आणि कानाच्या आत सगळं हलतंय, त्यानं मळमळ वाढते. नंतर रात्रीचा पहारा लावून घ्यायचा, तीन-तीन तासांचा, त्यात मधूनच उठून शीड बघा, मासेमारीच्या बोटी बघा. उजेड लाल बॅटरीचा, कारण पांढरा दिवा लावला की डोळे परत अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. आणि सामान म्हणजे सगळ्यांना एकेक वॉटरप्रूफ पिशवी, त्यात कपडेपण आले.

इतकं कळल्यावर मला कामाचा जोर चढला. जाड कादंबरी बाद, दर पंधरा मिनिटांनी उठणाऱ्याला कथाच पाहिजेत. मग बाइंडिंग. हल्लीची बरीच पुस्तकं नुसती गोंदानं चिकटवलेली, केबिनच्या उकाड्यात तो गोंद मऊ पडतो आणि पानं पत्त्यांसारखी हातात येतात. मी पुस्तक मधोमध उघडून पूर्ण मागे वाकवते, कट्ट आवाज आला की ते परत कपाटात. शिलाईचं पुस्तक गुमान उघडतं. आमच्याकडच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रती अजून शाबूत आहेत त्या दोऱ्यामुळेच. लाल उजेडाचंपण बघितलं, शिपायाच्या सायकलचा मागचा लाल दिवा काढून आणला आणि टेबलाखाली धरून पानं तपासली. मजा अशी की आमचे एक सभासद प्रत्येक पुस्तकात लाल पेननं रेघा ओढून ठेवतात (सांगून सांगून थकले, माणूस मोठा, कमिटीवर आहे), त्या लाल उजेडात पार गायब! पान कोरं करकरीत. ती प्रत लगेच बाजूला काढली.

आता कार्ड. काकूंनी काय वाचलंय ते बघायला मी त्यांचं कार्ड काढलं, आमच्याकडे अजून कागदी कार्डच आहेत. निरूपणं होती, पण दर वेळी दुसऱ्याच दिवशी परत आलेली. त्याच्या मधे मधे सगळे नारायण धारप. भयकथा. काही पुस्तकं तर परत परत नेलेली. काका काउंटरवरून वाकून म्हणाले, "बघू की जरा." मी कार्ड पालथं घातलं, म्हटलं ते ऑफिसचं असतं. "अहो, माझीच मिसेस हो!" असेल, कार्ड मिसेसचं. नवरे बायकोचं बघायला येतात, बाप कॉलेजातल्या पोरीचं, आणि आमच्या कमिटीला वाटतं घरच्या माणसात काय लपवायचं. मला नाही वाटत तसं.

मी धारपच काढले, शिलाईच्या जुन्या प्रती. पंधरा दिवसांचा नियम वाकवायला सेक्रेटरींच्या घरी दोनदा जावं लागलं. एक-दोन पुस्तकं विकत मागवली, पुण्याच्या दुकानदाराला बेळगावला पार्सल म्हटलं की दुबईला पाठवल्यासारखं वाटतं, निघायच्या आदल्या दिवशी आलं एकदाचं. काका कव्हरवरची कवटी बघून गप्प झाले. "हे... आवडंल तिला?" म्हटलं, रात्रीच्या पहाऱ्याला झोप येणार नाही असं पाहिजे ना?

जानेवारीत काकू पुस्तकं परत द्यायला आल्या, उन्हानं रापलेल्या. पुस्तकं फुगलेली, पानाला मीठ लागलं की ते हवेतलं पाणी ओढतच राहतं, येत्या पावसाळ्यात परत फुगणार ती. दंड त्यांनी न बोलता भरला. मग म्हणाल्या, "तुम्ही ह्यांना माझं कार्ड दाखवलंत?"

"नाही."

"पुस्तकं तर त्यांच्याच हातात दिलीत की. रेंज आली की फोनवर एकच, तुला भुताचं आवडतं हे मला कधी बोलली नाहीस."

हसत होत्या की रागावल्या होत्या, मला अजून ठरवता येत नाही. मी काय निरूपणं द्यायला हवी होती? दोन महिने समुद्रावर, उघडून बघितलीपण नसती. तेवढं विचारायचं होतं, पण मागे रांग होती.

आठवड्याभरात त्यांनी काकांच्या नावानं नवीन कार्ड काढलं, फॉर्म स्वतःच भरून आणला. आता निरूपणं काकूंच्या कार्डावर जातात आणि धारप काकांच्या. परवा काका आले, म्हणाले, "मॅडम, माझ्या नावावर काय काय गेलंय ते बघू की जरा." कार्ड त्यांचंच, द्यावं लागलं.