हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आम्ही हरिहरेश्वरच्या देवळामागच्या पायऱ्या चढलो आणि पलीकडच्या चिंचोळ्या घळीतून खाली उतरायला लागलो. निम्म्या वाटेवरच पावलं थांबली. खाली जिथे दगडी वाट असायला हवी, तिथे फेसाळ पाणी होतं, आणि प्रत्येक लाटेसरशी घळीतून गार वारा अंगावर येत होता. वर परतणाऱ्या एका गृहस्थांनी हात आडवा धरला. "आत्ता नको. पूर्ण भरती आहे, खाली वाटच नाही."

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत आम्ही खास देवळामागच्या डोंगराला समुद्राकडून वळसा घालणाऱ्या या प्रदक्षिणेच्या वाटेसाठी आलो होतो. मी, नवरा आणि एकाहत्तर वर्षांचे माझे बाबा. हॉटेल बघितलं होतं, रस्ता बघितला होता. भरती-ओहोटी मात्र कोणी बघितली नव्हती.

दुपारी जेवायला वाढताना आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "आज प्रतिपदा ना? मग बारापर्यंत भरती असणारच. उद्या सकाळी सातला जा, पाणी खूप आत गेलेलं असेल." हिशोब त्यांना तोंडपाठ होता: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, साधारण त्या वेळेला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, गणित तेच.

जाणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे दिवस निवडा. द्वितीयेला दीडला भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी, पंचमीला पावणेदहाच्या आसपास. ऊन चढायच्या आत, भरपूर उजेडात चालता येतं. शिवाय द्वितीया-तृतीयेला उधाण अजून ओसरलेलं नसतं, त्यामुळे पाणी लांब मागे हटतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, तेव्हा पाणी फारसं मागे जात नाही. पाऊणपटीचं गणित अंदाजापुरतं आहे. निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि गावात विचारूनच खाली उतरा.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला निघालो. देवळातला क्रम आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा. आम्ही दर्शन परतल्यावर घ्यायचं ठरवलं, कारण ओहोटी थांबत नाही. काल जिथून मागे फिरलो त्याच घळीतून आज कोरड्या पायऱ्यांवरून खाली आलो आणि समोर खडकाचं सपाट अंगण पसरलेलं. शाळेच्या भूगोलात 'तरंगघर्षित मंच' म्हणून जी आकृती काढायचो, ती इथे पायाखाली असते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधला हा पट्टा दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो.

कड्याच्या भिंतींवरची जाळी बघायला थांबाच. खडकात मधमाशांच्या पोळ्यासारखी हजारो भोकं, काही बोट जाईल एवढी, काही मूठ मावेल एवढी, मध्ये पातळ भिंती. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकाच्या छिद्रांत मुरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. बाबा बराच वेळ एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवत उभे होते. करकरीत मीठ बोटाला लागत होतं. या नक्षीवर नावं कोरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या पातळ भिंती एका फटक्यात तुटतात.

एका डबक्याशी मी अर्धा तास बसले. परातीएवढं पाणी, तळाशी गुलाबी शेवाळ. कडेच्या खाचेत एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, तपकिरी, रुपयाएवढं, दोऱ्यांसारखे हात पसरून. पाण्यातून एक बारीक कोळंबी चालत आली आणि तिचा पाय त्या हातांना लागला. क्षणात दोन-तीन हात तिच्याकडे वळले. कोळंबी झटका देऊन मागे उडाली आणि फूल सावकाश पुन्हा उमललं. शेजारी टोपीसारख्या शिंपल्या दगडाला घट्ट चिकटलेल्या होत्या. त्या उपटू नका. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, खालच्या जिवांना ऊन सहन होत नाही.

पुढे कालवं काढणाऱ्या दोघी भेटल्या. अणकुचीदार लोखंडाने कवच फोडून आतला गर डब्यात टाकायचा, ही कामं ओहोटीच्याच तासांत उरकावी लागतात. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा.

समुद्र गरुड दिसला तो वळसा संपता संपता. इथे त्याला काकण म्हणतात. पोट पांढरंशुभ्र, वरून राखाडी, शेपूट पाचरीसारखी. कड्याच्या वर पंख किंचित उंचावून तरंगत होता आणि पायात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा समुद्रसाप लोंबत होता, अजून वळवळणारा. दुर्बीण बाबांकडे होती. त्यांनी ती डोळ्यांवरून खाली केलीच नाही, आणि मीही मागितली नाही. काकणाची जोडी उंच झाडावरचं एकच घरटं वर्षानुवर्षं वापरते. घरटं दिसलं तर लांबूनच बघा, ड्रोन तर अजिबात उडवू नका.

वाटेवर दीड-दोन तासांचा वेळ धरा. आम्हाला सव्वादोन लागले. ओहोटीच्या तळाच्या अर्धा तास आधी खाली उतरायचं आणि तळ उलटून दोन तास व्हायच्या आत किनाऱ्यावर बाहेर यायचं, हा आमचा नियम. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. ओहोटीतही एखादी मोठी लाट खडकावर चढते, आणि इथे माणसं वाहून गेलेली आहेत. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका. पकड असलेले बूट घाला, चपला नकोत, कालवांच्या कडा पातीसारख्या कापतात. ज्येष्ठांना पायऱ्या चढायला-उतरायला जमत असेल तरच आणा. बाबांना काठीचा फार उपयोग झाला. पावसाळ्यात ही वाट विसरा.

राहायला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, पण मी घरगुती सोयच सुचवेन. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट आडव्या झाल्या. नवी पोफळ उत्पन्नाला यायला वर्षं लागतात, तोवर पाहुण्यांचे पैसे घराला लागतात. काकूंच्या वाडीत नव्या रोपांच्या दोन रांगा आहेत, ती त्या आवर्जून दाखवतात. गाडी नसेल तर कोकण रेल्वेने माणगाव आणि तिथून एसटी.

एक दिवस हाताशी असेल तर बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेश्वीला उतरा. पलीकडे बाणकोटचा हिम्मतगड, इंग्रजांनी ज्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, आणि पुढे वेळास, नाना फडणविसांचं गाव. तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, पण डिसेंबरात नाही. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणून पिल्लांसाठी फेब्रुवारीनंतर या. बोटीवर गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहा आणि नदीच्या मुखाकडे नजर ठेवा. आमच्यासमोर दोनदा राखाडी पाठ वर आली. शेजारचे आजोबा म्हणाले, "गादा." डॉल्फिनला इथे गादा म्हणतात. बाबांनी खिशातून छोटी वही काढली आणि काकणाच्या खाली ते नाव लिहिलं.