थोडे उशिरा, पण अखंड

श्रावणात गोव्यातील अनेक देवळांत भजनी सप्ताह होतात. फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या सप्ताहाचे थेट प्रक्षेपण माझ्याकडे असते आणि ते पाहणारे बहुतेक मुंबई-पुण्यात किंवा आखातात स्थायिक झालेले गावकरी असतात. देवळात एका पथकाचा पार, म्हणजे ठरलेली पाळी, संपण्यापूर्वीच दुसरे पथक येऊन बसते, त्यामुळे भजन खंडत नाही. प्रक्षेपणाबाबत तशी हमी देणे मात्र कठीण जाते, कारण इंटरनेटची रचनाच अशी आहे की पाठवलेले प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, पोहोचेलच, असे ते कोणालाही सांगत नाही.

आमचे चित्र सेकंदाला सुमारे २ मेगाबिट या वेगाने जाते. एका पॅकेटात १३१६ बाइट भरले, तर सेकंदाला साधारण १९० पॅकेटे होतात. शंभरातील एक जरी वाटेत गळाले, तरी दर सेकंदाला जवळजवळ दोन पॅकेटे कमी पडतात. हा आकडा किरकोळ वाटतो, पण संकुचित व्हिडिओत प्रत्येक चौकट (फ्रेम) बहुधा आधीच्या चौकटीच्या आधाराने रचलेली असते, त्यामुळे एका पॅकेटाची गळती पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत, म्हणजे आमच्या मांडणीत दोन सेकंदांपर्यंत, पडद्यावर चट्टे उमटवत राहते.

हरवलेले पुन्हा मागवून सारे क्रमाने हाती देण्याचे काम टीसीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचा नियमसंच, १९८१ च्या प्रमाणकापासून चोख करत आला आहे. ईमेल किंवा फाइल यांसाठी त्याहून चांगले काही नको. परंतु थेट प्रक्षेपणात एक पॅकेट अडकले की त्याच्या मागची पोहोचलेली पॅकेटेही खोळंबतात, एन्कोडरकडे, म्हणजे चित्र संकुचित करणाऱ्या यंत्राकडे, रांग वाढत जाते आणि शेवटी त्याला चौकटी टाकून द्याव्या लागतात. युडीपी हा दुसरा प्रोटोकॉल याच्या उलट, म्हणजे पाठवले आणि विसरले. त्यावर १९९६ मध्ये आलेल्या आरटीपी या प्रोटोकॉलने प्रत्येक पॅकेटाला क्रमांक आणि वेळेची नोंद दिली, तेव्हा निदान काय हरवले हे घेणाऱ्याला कळू लागले. त्यानंतर उपाय दोनच उरतात: हरवलेले परत मागणे, किंवा आधीच थोडे जादा पाठवून ठेवणे. दहा पॅकेटांमागे त्यांच्या बेरजेसारखे एक अकरावे पाठवले, तर दहांतील कोणतेही एक गेले तरी ते पुन्हा उभे करता येते; मात्र दोन गेली की तो हिशेब जुळत नाही. आमच्या पावसात, विशेषतः मोबाइल जोडणीवर, पॅकेटे एकेक करून जात नाहीत, ती घोळक्याने जातात.

म्हणून मी परत मागण्याचा मार्ग धरला आणि देवळातून चित्र बाहेर पाठवण्यासाठी एसआरटी हा प्रोटोकॉल वापरू लागलो. हायव्हिजन या कंपनीने तो २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. हरवलेले तो मागतो, पण ठरवून दिलेल्या मुदतीतच. मुदत टळली की ते सोडून पुढे जातो. आपण काही बदलले नाही, तर ही मुदत १२० मिलिसेकंदांची असते आणि ती जोडणीच्या ये-जा वेळेच्या चौपट तरी असावी, असा संकेत आहे. मी सरळ २०००, म्हणजे दोन सेकंद, ठेवतो. यावर तंत्र जाणणारे मित्र नाक मुरडतात, पण पुढचा हिशेब पाहावा. प्रेक्षकाच्या फोनवर चित्र बहुधा एचएलएस पद्धतीने, तुकड्या-तुकड्यांनी पोहोचते. तुकडा ६ सेकंदांचा असेल, तर त्या पद्धतीच्या २०१७ च्या दस्तऐवजाप्रमाणे प्लेअरने शेवटापासून तीन तुकड्यांच्या आत सुरुवात करू नये, म्हणजे १८ सेकंदांचा उशीर तेथेच ठरलेला आहे. तेव्हा देवळाच्या टोकाला दीड-दोन सेकंद वाचवून कोणाचे भले होणार?

देवस्थानच्या एका महाजनांनी एकदा मला आरतीनंतर हटकलेच. त्यांनी आरती चालू असताना बहिणीला फोन लावला होता. "अरे, डोंबिवलीत तिच्या टीव्हीवर अजून भजनच चालले होते म्हणे!" मी त्यांना विचारले की बहिणीची आरती मध्ये कोठे तुटली का. ती तुटली नव्हती. त्यांचे समाधान झाले असे नाही, पण विषय तेथे थांबला.

प्रेक्षकाच्या बाजूची जोडणी मंदावली तर प्लेअर कमी बिटरेटचे, म्हणजे हलक्या दर्जाचे, तुकडे घेऊन निभावून नेतो; देवळातून बाहेर पडतानाच जे गळते ते मात्र सर्वांचेच जाते. त्यामुळे खर्च करायचा तो अपलोडच्या टोकावर. येथे दोन कंपन्यांची फायबर जोडणी घेतली की आपण सुरक्षित झालो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात दोन्ही तारा विजेच्या त्याच खांबांवरून येतात आणि माडाची एक झावळ पडली की दोन्ही एकदम जातात. कंपनी वेगळी असण्यापेक्षा वाट वेगळी असणे महत्त्वाचे, म्हणून दुसरी जोडणी मोबाइलची ठेवावी. गर्दीच्या रात्री टॉवरवर इतका ताण असतो की रेंजच्या काड्या पूर्ण दिसत असूनही अपलोड कोसळतो, तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये.

अशा वेळी त्या जोडणीवर मी फक्त आवाज पाठवतो. पखवाज, झांज आणि हार्मोनियमसह भजन ९६ किलोबिटांत समाधानकारक जाते, म्हणजे चित्राच्या विसाव्या भागाहूनही कमी जागेत. प्रेक्षक थिजलेले चित्र सहन करतात. अभंगाचे चरण तुटलेले त्यांना चालत नाहीत. वीज गेली तर राउटर आणि भिंतीवरची फायबरची पेटी दोन्ही बॅटरीवर असावीत, कारण बहुतेक जण राउटर जोडतात आणि पेटी विसरतात. कॅमेऱ्याच्या कार्डावर पूर्ण दर्जाचे चित्रमुद्रण चालूच ठेवावे, म्हणजे जो पार तुटला तो दुसऱ्या दिवशी वेगळा चढवता येतो.