शेवटी बटण दाबलं

आज मतदान करून आले. बोटावर शाई आहे, पण मन अजून त्या रांगेतच आहे.

आठवडाभर ठरत नव्हतं. एकाचं काम पटतं, पण पक्ष पटत नाही. दुसऱ्याची भाषा ऐकवत नाही. तिसरा माणूस म्हणून चांगला, पण निवडून आल्यावर नेमकं काय करणार, हे त्यालाही सांगता आलं नाही.

'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही', हे बटण दाबायचं जवळजवळ नक्की केलं होतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा पर्याय मिळाला आणि तो असायलाच हवा, असं मला आजही वाटतं. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली, तरी उमेदवारांमध्ये जो पुढे असेल तोच निवडून येतो. म्हणजे माझी नाराजी नोंदली जाणार आणि निवड मात्र बाकीचे करणार. हे काही केल्या पचेना.

मग काल रात्री सगळ्यांची शपथपत्रं वाचत बसले. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं त्यात असतं. (भाषणांपेक्षा ही पानं कितीतरी जास्त बोलतात.) मला कोण आवडतं, हा प्रश्न बाजूला ठेवला. पुढची ५ वर्षं जाब विचारायला मी कुणाच्या दारात जाऊ शकेन, एवढंच स्वतःला विचारलं. नाव एकच आलं.

मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते. मी ती खाली पडेपर्यंत बघत राहिले.

घरी येऊन त्या उमेदवाराची तीन आश्वासनं वहीत लिहून ठेवली आहेत, आजच्या तारखेसकट.