बर्नार्डची दीर्घिका: तिसरा प्रयत्न, दोन ठिपके

वसुबारसेची संध्याकाळ, अडावदच्या उत्तरेला मित्राचं कपाशीचं शेत, पाठीशी सातपुडा. दुर्बीण ८ इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण). जळगावच्या गच्चीवरून दोनदा काहीच हाती लागलं नव्हतं. या वेळी काळ्या मातीत बूड रुतू नये म्हणून खाली फळी टाकली, फार फरक पडला.

साडेसातला आधी एनजीसी ६८१८ धरला, छोटासा हिरवट-निळा ग्रहीय तेजोमेघ (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेला वायू). तिथून दक्षिणेला पाऊण अंशाच्या आत एनजीसी ६८२२, म्हणजेच बर्नार्डची दीर्घिका. ४८ पटीवर दीर्घिका म्हणावं असं काही दिसत नाही. नळी हलवली की आकाशाचा एक लांबट पट्टा किंचित उजळ वाटतो, तेवढंच. मग १२० पट, ओ-थ्री फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा येऊ देणारा), डोक्यावर काळं फडकं आणि तिरकी नजर. उत्तरेच्या टोकाला एक ठिपका उमटला, विरला, पुन्हा तिथेच उमटला. हबल व्ही, या दीर्घिकेतला तेजोमेघ! बऱ्याच वेळाने त्याच्या पूर्वेला हबल एक्स, तोही अधूनमधूनच. फिल्टर काढला की दोन्ही गायब. १६ लाख प्रकाशवर्षांवर तारे जन्मतात ती जागा चोपडा तालुक्यातून दिसली, अंगावर काटा आला.

या दीर्घिकेत सुमारे १३ कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका हायड्रोजन आहे, ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या पार बाहेरपर्यंत. तरी इतके लखलखीत तेजोमेघ मोजकेच. वायू विरळ पसरलाय. जड मूलद्रव्यं (हेलियमहून जड ती सगळी) कमी, म्हणून धूळ कमी. हायड्रोजनचे अणू मुख्यतः धुळीच्या कणांवर जोडीने रेणू होतात आणि ढग गार व्हायलाही ही जड मूलद्रव्यंच लागतात. त्यात गुरुत्व तोकडं, मोठे तारे फुटले की वायू दूर ढकलला जातो.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, ४५ मीटरच्या ३० डिशनी, ‘फिग्ज’ या फिकट, अनियमित आकाराच्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणात याहून कितीतरी फिकट दीर्घिकांचा हायड्रोजन २१ सेंमी तरंगलांबीवर टिपला. त्यांत दाट वायू आणि ताजे तारे दर वेळी एकाच जागी सापडत नाहीत. मला सगळ्यांत जास्त हेच खुणावतं.

अकराला आयसी १६१३ ही अशीच दुसरी छोटी दीर्घिका माथ्याजवळ आली, पण आयपीसवर दव धरलं होतं. आता कार्तिक अमावास्येला पुन्हा. या आयसी १६१३च्या ईशान्य बाजूचे तेजोमेघ कोणी १० किंवा १२ इंचीतून पाहिले असतील, तर फिल्टर कोणता आणि किती पट, नक्की सांगा.