गोवा महाराष्ट्रात का नाही आला? तुम्ही विचारलंत म्हणून

"भाषा तीच, देव तेच, मासेसुद्धा तेच. मग गोवा महाराष्ट्रात का नाही आला? आपलं काय खुपलं त्यांना?" हे मला लग्नांत विचारतात, ऑफिसात विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. माझं गाव सिंधुदुर्गातलं आरोंदा, आजीचं माहेर तेरेखोल नदीपलीकडे, गोव्यातल्या पालयेला, म्हणजे उत्तर माझ्याकडेच असणार. घ्या तर मग.

साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीचं पालुपद आधी बाजूला ठेवा. पालये ज्यात येतं तो पेडणे महाल सावंतवाडीकरांचा होता, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेला. त्यानंतरही सोयरिकी होत राहिल्या. तेरेखोल नदी आमच्यासाठी खरी सरहद्द झाली ती 1955 साली. त्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. बांद्याजवळ पत्रादेवीला पंजाबचा कर्नैल सिंग पडला. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय तिरंगा हातात असताना जखमी झाल्या. मग दिल्लीने हद्दच बंद केली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नमेल म्हणून. त्याच्याकडे खनिजाचा पैसा येत होता, बटाटे हॉलंडहून येत होते. नाक दाबलं आमचं, आणि तोंड कुणाचंच उघडलं नाही.

त्या बंदीतच आजीचे वडील वारले. निरोप आला तो नदीच्या मध्यावरून. पालयेचा एक ओळखीचा मासेवाला होडी जराशी अलीकडे घेऊन ओरडला, "तुझो बापूस गेलो गे!" आणि वल्ही मारत परत फिरला. आजोबा परवान्यासाठी एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा. दाखला कुठे मिळणार? पलीकडे! आजोबा दोन दिवस बाकावर बसून परत आले. लग्न झालेल्या मुलीला सुतक तीन दिवसांचं. आजीने दहा दिवस पाळलं. रोज पहाटे किरणपाण्याला खाऱ्या पाण्यात आंघोळ करून ओल्या लुगड्याने घरी यायची. सासूने हटकलं तेव्हा म्हणाली, "माका थंय जावक गावला नाय, मगे हंय तरी पुरा करतंय." दहाव्याला पलीकडे माणसं जमलेली दिसली. चेहरे ओळखू येण्यासारखे नव्हते. भाऊ तिला कळला तो लंगडण्यावरून.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि बहीणभाऊ भेटले. मग आला 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा गोवा. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. आजीच्या भावाने दोन पानांवर शिक्का मारला, आणि तो तसं उघड सांगायचाही. "माझ्याच भावान माका परक्या केल्यान," हे आजी मरेपर्यंत म्हणत होती.

आजीच्या भावाचं म्हणणं मी पुढे त्यांच्याच पडवीत बसून ऐकलं. तुम्हाला 1947 ला मिळालं, आम्ही त्यानंतर चौदा वर्षं सोसलं. ते गोंयकार म्हणून सोसलं, तुरुंगातही गोंयकार म्हणूनच गेलो. भारतात यायचं होतं, ते आलो. साताऱ्या-सांगलीच्या रांगेत आणखी एक जिल्हा म्हणून उभं राहायला नव्हे.

कॉलेजात असताना मी यावर ठणकावून सांगायचे, की चौतीस हजार मतांनी घोळ घातला, नाहीतर सगळं एक झालं असतं. आता वाटतं, ज्या बंदीने दोन्ही काठांना आपण एका देशाचे हे पटवलं, तिनेच पलीकडच्यांना आपण वेगळे हेही शिकवलं. हे ऐकायला बरं वाटतं. पण ती कॉलेजातली मुलगी लगेच विचारते, मग पेडण्याचं काय? नदीला लागून तेच, बंदीची झळ त्यांनाच, आणि विलीनीकरणाकडे कल होता तोही त्यांचाच. विलीनीकरणासाठी झटणारे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचेच. माझ्या आजीचा भाऊ त्याच तालुक्यात राहून उलटा गेला. त्या मुलीला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, तर तुम्हाला कुठून देऊ?

आणि "आपलं काय खुपलं" हे पुढच्या वेळी विचारायच्या आधी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी पाच मिनिटं गाडी थांबवा. वाट वाकडी करावी लागणार नाही, स्वस्त दारूसाठी तुम्ही त्याच रस्त्याने जाता.