जामीनदार कोण?

फर्लो, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला घरी जायला मिळणारी रजा, हा शब्द बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा कुठल्या तरी बड्या माणसाचं नाव घेऊनच. मग सोसायटीतले लोक मला गाठतात. माझी सगळी नोकरी कारागृह विभागात झाली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं फर्लो-पॅरोलचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे, हे त्यांना ठाऊक आहे. "काय हो, खून करून आत गेलेल्याला सुट्टी कसली?" हा ठरलेला प्रश्न. बड्या माणसांचं मला विचारू नका. त्यांचे कागद वकील आणतात, एकही सही राहिलेली नसते. माझ्या डोक्यात राहिलेत ते दुसरेच अर्ज, जे जामीनदार नाही म्हणून अडले.

आधी थोडक्यात नियम सांगतो, कारण पेपरवालेसुद्धा दोन्हींची खिचडी करतात. महाराष्ट्रात हे सगळं १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांवर चालत आलंय. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, तिला कारण लागतं. घरातलं माणूस गंभीर आजारी आहे, बायकोचं बाळंतपण आहे, पुरात किंवा आगीत घर गेलं, असं काहीतरी. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला कारण द्यावं लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगून झाली, वर्तणूक चांगली असली की अर्ज टाकायचा. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेपेतल्या बंद्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी जी प्रत्यक्ष भोगलेली १४ वर्षं मोजतात, त्यातही पॅरोलचे दिवस येणार नाहीत. बराकीत हा हिशेब लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तोंडपाठ असतो.

फर्लो हक्क मात्र नाही. नियमांतच तसं लिहिलंय. गुजरातलाही हेच मुंबईचे नियम लागू आहेत आणि तिथल्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं.

आता जामीनदाराकडे येतो. नियम असा की बंद्याला रजेत ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा, आणि त्याने जामीनपत्र लिहून द्यायला हवं. कागदावर हे रास्तच आहे. माणूस जाणार कुठे, राहणार कुठे, परत आला नाही तर विचारायचं कुणाला? पण परिणाम बघा. आठ-दहा वर्षांत आई-बाप गेले, भावाने नाव टाकलं, बायकोने दुसरा संसार मांडला, असा माणूस सुटकेच्या जवळ येतो तेव्हा रजेची खरी गरज त्यालाच असते, आणि नेमकी त्यालाच ती मिळत नाही. ज्याचं घर शाबूत आहे तो दरवेळी जाऊन येतो. ज्याचं मोडलंय तो सुटकेच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडतो, हातात कपड्यांची पिशवी आणि आत कमावलेली मजुरी.

बायकांचं तर विचारूच नका. नवऱ्याच्या किंवा सासूच्या खुनात शिक्षा झालेल्या बाईला ठेवून घेणार कोण? सासर तर फिर्यादीच्या बाजूला. माहेरी भावजय म्हणते, माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत. एका बाईचा भाऊ दर राखीपौर्णिमेनंतर न चुकता मुलाखतीला यायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. जामीनपत्राचा कागद पुढे केला की, "साहेब, घरी विचारून येतो." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरात त्याची सही चालत नव्हती, एवढंच. बाई शेवटी अर्जच करेनाशी झाली.

रजेचा उपयोग काय होतो, हेही सांगायला हवं. लोकांना वाटतं घरचं जेवण, पोराबाळांचं तोंड बघणं. ते असतंच. पण जन्मठेपेतला एक बंदी फर्लोवर गावी गेला आणि सातबारा काढून आला. बाप मेल्यावर थोरल्या भावाने वारस नोंद करताना याचं नाव घातलंच नव्हतं. हा तलाठ्याकडे गेला, अर्ज दिला, पोच घेतली आणि ठरल्या दिवशी हजर झाला. ती पोच त्याने मला दाखवली, इकडून तिकडून चार वेळा. भावाशी भांडण झालं का, विचारलं. म्हणाला, "भांडलो असतो तर पुढच्या बारीला जामीन कोण राहिलं असतं, साहेब? जामीनदार तोच हाय." हेच त्याला सुटल्यावर कळलं असतं तर कागद तलाठ्याकडे गेला असता की प्रकरण पोलीस ठाण्यात, माहीत नाही. रेशनकार्डावरून कमी झालेलं नाव, बंद पडलेलं बँक खातं, आधार, ही सगळी कामं माणूस सुटायच्या आधीच मार्गी लागू शकतात. सुधारणा म्हणतात ती माझ्या मते बरीचशी अशीच असते. प्रवचनं आतही भरपूर होतात.

पोलीस अहवालाबद्दल मी नोकरीत असताना बोलायचो नाही, आता बोलतो. अर्ज गावच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो आणि बऱ्याचदा तीच दोन वाक्यं घेऊन परत येतो: फिर्यादीच्या जिवाला धोका, शांतता भंग होण्याची शक्यता. काही प्रकरणांत ते शंभर टक्के खरं असतं. फिर्यादी त्याच गल्लीत राहतो, त्याचा माणूस गेलाय, आणि मारणारा समोरच्या ओट्यावर चहा पीत बसणार. ते त्याने का सोसावं? अशा वेळी दुसऱ्या तालुक्यातल्या बहिणीचा पत्ता घेणं हाच मार्ग, आणि आम्ही तो सुचवायचोही. पण फिर्यादी गाव सोडून शहरात गेलेला, बंद्याने केस पांढरे केलेले, तरी अहवाल तोच. मग बंदी कारागृहातूनच उच्च न्यायालयात अर्ज पाठवतो, आणि नुसत्या शंकेवर रजा नाकारता येत नाही असं न्यायालयाने अनेकदा सांगितलेलं असतं. पुढच्या अहवालात पुन्हा तीच दोन वाक्यं.

परत न येणारे असतातच, लपवायचं कारण नाही. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली गुन्हा नोंदवायचे, पुढचे फर्लो अडायचे, चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळालेले माफीचे दिवस कापले जायचे. कोविडमध्ये २०२० साली आपत्कालीन पॅरोलवर बरेच जण सोडले, आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितलं. तेव्हाही कोणी आलं, कोणाला आणावं लागलं. पण एक माणूस पळाला की दहा जणांचे कागद अडवायचे, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. पळालेल्याची शिक्षा रांगेतल्या पुढच्याला.

मला विचाराल तर शिक्षेच्या शेवटच्या वर्षात जामीनदार नातेवाईकच हवा ही अट सैल करावी. एखाद्या नोंदणीकृत संस्थेने ठेवून घेतो म्हटलं तर चालावं. जिथे तेही नाही तिथे खुल्या कारागृहात आधी हलवावं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९ पासून, औंध संस्थानच्या काळापासून, बंदी बायकामुलांसह राहून शेती करतात. म्हणजे कुलूप न लावता माणूस सांभाळता येतो हे या राज्याला नव्याने शिकायला नको. जागा वाढवायच्या, आणि ज्याला कोणी नाही त्याचं नाव आधी घ्यायचं.

तोवर, कुणाचं माणूस आत असेल आणि तुम्ही जामीन राहणार असाल तर दोन गोष्टी करा. अर्जात तोच पत्ता द्या जिथे पोलीस आले तर घरात कोणीतरी भेटेल. कित्येक अर्ज निव्वळ "पत्त्यावर कोणी आढळून आले नाही" म्हणून पडून राहतात. आणि सही करण्याआधी घरातल्या बायकांशी बोलून घ्या. भाकरी त्यांनाच वाढायची असते, आणि चौकशीला आलेला हवालदार दार वाजवतो तेव्हा बहुतेक वेळा दार उघडणाऱ्याही त्याच असतात.